मास्तरांनी खाल्लेला साबण

८ जानेवारी

विहीणबाईंना नमस्कार.

तुमचं पाकीट काल मिळालं. पोस्टमनने ते दोन बोटांत धरून माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "बाई, आत काय मेलंय?" मी म्हटलं, "माझ्या विहिणीने पाठवलंय." जिना उतरताना त्याने एकदा मागे वळून माझ्याकडे दयेने बघितलं.

मुलं बेटावरच्या हवामान केंद्रात पोचल्याचा निरोप तुम्हालाही आला असेल. तिथे फोन लागत नाही, आठवड्यातून एकदा चार ओळी येतात. दोन वर्षं अशीच काढायची. कुत्र्याला तिथे परवानगी नाही, म्हणून मास्तर माझ्याकडे आणि मास्तरांचं चघळण्याचं खाणं तुमच्याकडे, हे त्या दोघांनी आपल्याला न विचारता परस्पर ठरवून टाकलं. माझी लेक असंच करते. तुमचा मुलगाही काही कमी नसावा.

आता जरा स्पष्ट लिहिते, राग मानू नका. माझं काम तुम्हाला माहीत आहे. एकोणतीस वर्षं मी साबणाच्या कारखान्यात वास तपासते. सकाळी कांदा खात नाही, केसांना वासाचं तेल लावत नाही. साबणाचा एकही लॉट माझ्या नाकाखालून गेल्याशिवाय फाटकाबाहेर पडत नाही. आज लिफ्टमध्ये चष्मेवाली, म्हणजे माझ्या हाताखाली काम करते ती, हळूच म्हणाली, "ताई, तुमच्या पर्समध्ये डबा राहिलाय का कालचा?" पर्समध्ये काही नव्हतं. सकाळी मास्तरांना तुमची ती वाळवलेली वजडी दिली होती, एवढंच. हात तीनदा धुतले होते हो, आमच्याच साबणाने.

वास न येणारं काही करता येईल का? मास्तरांची तक्रार नाही. पाकीट आल्यापासून ते माझ्या पायात पायात आहेत. आयुष्यात माझ्या मागे इतकं कुणीच लागलं नव्हतं.

मुलीची आई

१७ जानेवारी

अहो विहीणबाई,

तुमचं पत्र वाळवणखोलीत उभ्या उभ्या वाचलं आणि एकटीच खो खो हसले. पोस्टमनचं सोडा. आमच्या इथला पोस्टमन तर गल्लीच्या तोंडाशीच घंटी वाजवतो आणि मी जाईपर्यंत तिथेच थांबतो.

वास नसलेलं मिळतं की. दुकानात पांढरंशुभ्र, कागदासारखं असतं. औषधाच्या पाण्यात धुऊन धुऊन त्यातला वास काढतात आणि वासाबरोबर जे काही कामाचं असतं तेही जातं. मास्तरांपुढे ठेवून बघा. हुंगतील, तुमच्या तोंडाकडे बघतील आणि निघून जातील. कुत्र्याला डोळ्यांनी भूक लागत नाही, नाकाने लागते.

मी काय करते ते सांगते, म्हणजे तुमच्या मनात भलतंसलतं राहायला नको. माल रोज सकाळी ताजा येतो. मेंढीची वजडी, शेळीचे कान, श्वासनळ्या, मोठ्या माशांची कातडी. गवत-माती निघेल इतकंच धुते, मग जाळ्यांवर पसरते. मंद गरम हवेत चौदा तास. मीठ नाही, धूर नाही, रंग नाही. वजडी पोटाला चांगली, माशाची कातडी केसांना, आणि नळी कडकड चावताना दात घासून निघतात.

आता तुम्ही काय करायचं: काचेची बरणी, घट्ट झाकण. खायला बाल्कनीत द्यायचं. जवळ पाण्याचं भांडं. एकटं सोडून आत जायचं नाही. शेवटचा तुकडा अंगठ्याएवढा उरला की काढून घ्यायचा, नाहीतर गिळतात आणि घशात अडकतो. काढून घेताना दुसऱ्या हातात काहीतरी असू द्या. नावाने मास्तर असले तरी फुकट काही सोडत नाहीत.

फोन का करत नाही, असं लेकीने एकदा विचारलं होतं. (तुमच्या लेकीला मी लेकच म्हणते.) दिवसभर हात चरबीचे असतात, फोनला माझी बोटं कळतच नाहीत. पत्राचं बरं असतं. संध्याकाळी हात धुवायचे, लिंबाची फोड चोळायची आणि बसायचं.

सोबत माशाची कातडी पाठवतेय. तिचा वास वजडीपेक्षा कमी आहे. म्हणजे मला तसं वाटतं.

मुलाची आई

९ फेब्रुवारी

विहीणबाई, नमस्कार.

बरणी आणली. बाल्कनीत जुनी सतरंजी टाकली. तुम्ही म्हणालात तसं मास्तरांना एकटं सोडायचं नाही, म्हणून रोज संध्याकाळी मी पण स्टूल घेऊन बसते. आधी नाकाला रुमाल लावून बसायचे. मास्तर दोन्ही पंजांमध्ये ती कातडी उभी धरतात, डोळे अर्धे मिटतात आणि जबडा एका लयीत चालू राहतो. अर्धा तास. ते बघता बघता माझे खांदे खाली आलेत, असं मला परवा जाणवलं. लेक गेल्यापासून ते वर चढवूनच बसले होते बहुतेक.

मास्तरांच्या दातांवरचा पिवळा थर उजवीकडून निघालाय. डावीकडे चावायचा आळस करतात. तोंडाला पूर्वी यायची तशी घाणही येत नाही.

मला मात्र जबरदस्त सर्दी झालीये. चार दिवस अंथरुणात होते, डोकं दगडासारखं. एक फायदा झाला: तुमची बरणी उघडली तरी काही वाटत नाही. रुमालाला सुट्टी.

चष्मेवालीने चार दिवस एकटीने काम सांभाळलं. बरी आहे, पण घाबरट. साबण घासलेली प्रत्येक कागदी पट्टी तीन-तीनदा हुंगते.

मुलीची आई

२० फेब्रुवारी

अहो विहीणबाई,

सर्दी गेली का? गरम पाण्याची वाफ घ्या आणि दोन दिवस मास्तरांशी भांडू नका.

डावीकडचे दात घासायचे असतील तर नळीचा तुकडा तुम्ही स्वतः हातात धरून डाव्या बाजूने द्या. आमच्या इथे एक शिंपीकाका येतात, त्यांच्या म्हाताऱ्या कुत्रीला मी असंच शिकवलं. आता ती काकांचा हात पंजात घेतल्याशिवाय खातच नाही. काका कुरकुर करतात, पण त्यांना आवडतं.

यावेळी पाकिटात जे आहे ते मी सहसा कुणाला पाठवत नाही. मेंढीच्या पोटाचा आतला, जाळीदार भाग, अगदी कमी धुतलेला. मास्तरांसाठी याहून चांगलं माझ्याकडे काही नाही आणि याहून वाईट वासाचंही काही नाही. माझी सवय झालेली, तरी पाकीट शिवताना मी तोंड फिरवलं. तेव्हा सांगून ठेवते, बाल्कनीतच उघडा. खिडक्या लावून घ्या. शेजारणीला आधी कल्पना द्या.

मुलाची आई

६ मार्च

विहीणबाई, नमस्कार.

किती घाबरवलंत! मी ओढणी बांधून, खिडक्या लावून तयारीत बसले आणि पाकीट उघडलं तर काहीच नाही. अगदी सौम्य. माझी पहिली तक्रार तुम्ही मनावर घेतलीत आणि माझ्यासाठी मुद्दाम बिनवासाचं केलंत, वर अशी गंमतही केलीत. मनापासून आभार. आता तर मी स्वयंपाकघरातच देते. शेजारीण दोनदा दार वाजवून गेली, पण ती कशावरूनही दार वाजवते.

मास्तरांनी तीन दिवसांत सगळं संपवलं.

कारखान्यात कामाची गडबड आहे, म्हणून आज एवढंच.

मुलीची आई

१४ मार्च

विहीणबाई,

पत्र मिळालं. त्या मालाला वास नव्हता असं तुम्ही लिहिता. मी तीस वर्षं हे काम करतेय. त्याला वास नव्हता असं दोनच प्रकारची माणसं म्हणतील. एक, ज्यांनी पाकीट उघडलंच नाही. दुसरी मला माहीत नाहीत.

टाकून दिलंत तर दिलंत. तसं सरळ लिहायचं. गोड गोड आभार कशाला?

मनात आहे ते लिहूनच टाकते. तुम्ही पहिल्यांदा आमच्या घरी आलात, मुलांचं ठरवायला, तेव्हा मी दोनदा अंघोळ केली होती. नवी साडी घातली होती. चहा घेऊन आले आणि तुमच्या शेजारी बसले, तशा तुम्ही उठलात आणि खिडकी उघडलीत. "जरा वारा येऊ दे," म्हणालात. बाहेर थंडी होती. मी तेव्हा काही बोलले नाही. मुलाची आई असून बोलले नाही.

पुढचं पाकीट येईल. मास्तरांची काही चूक नाही.

मुलाची आई

२ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. टाकून दिलं नाही. लेकीची शपथ घेऊन सांगते, मास्तरांनी शेवटच्या कणापर्यंत खाल्लं. यावर विश्वास ठेवा, बाकीचं मग लिहीन.

आज वेगळ्याच कारणासाठी लिहितेय. गेल्या गुरुवारी मी कारखान्यातून तीन साबण घरी आणले होते, तीन वेगवेगळ्या लॉटचे. घरी निवांत पुन्हा तपासावे म्हणून टेबलावर ओळीने ठेवले आणि अंघोळीला गेले. येऊन बघते तर मास्तर टेबलावर पुढचे पाय टाकून उभे. मधला साबण तोंडात. अर्धा फस्त. बाजूच्या दोघांना जिभेचा साधा स्पर्शही नाही.

मग फेस यायला लागला. पांढरा, दाराच्या पायरीपर्यंत. मी त्यांना उचलून जिन्यावरून धावले. वरची शेजारीण समोरून येत होती, ती "पिसाळलं, पिसाळलं" म्हणून किंचाळत आपल्या घरात शिरली आणि कडी लावली. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "काय खाल्लं?" मी म्हटलं, "साबण." ते म्हणाले, "कुठला? जाहिरातीला चांगला आहे." दोन दिवस पोट बिघडलं, भरपूर पाणी पाजलं, आता ठणठणीत आहेत.

पण माझ्या मनातून एक गोष्ट जात नाही. त्यांनी तोच का खाल्ला? तिन्हींना तोच फुलांचा वास, तोच रंग. कुत्र्याला काय आवडतं यातलं तुम्हाला कळतं, म्हणून उरलेला अर्धा तुकडा या डब्यात बंद करून पाठवतेय. जरा वास घेऊन बघाल? आणि मला लिहाल?

मुलीची आई

९ एप्रिल

विहीणबाई,

डबा सकाळी आला. मी हात धुतले, अंगणात गेले आणि उघडला.

वर फुलं आहेत. छान आहेत. त्यांच्या खाली चरबी खवट झालीये. थोडी नाही, चांगलीच. माझ्याकडे उन्हाळ्यात जाळी विसरली की दुसऱ्या दिवशी असा वास सुटतो. दोन आठवड्यांत फुलं उडून जातील आणि हा साबण ज्या घरात असेल त्या घरातली बाई मोरीत उंदीर मेलाय का म्हणून शोधत बसेल. मास्तरांनी का खाल्ला म्हणता? त्यांना तो माझ्याकडून आलाय असं वाटलं असणार.

हे मला कळलं, अंगणात, एका दमात. आणि तुम्ही, एकोणतीस वर्षं नाकावर जगलेल्या बाई, तुम्ही तुकडा डब्यात घालून मला विचारता.

मी पायरीवर बसले. तुमची सगळी पत्रं काढली आणि ओळीने वाचली. सर्दी. बरणी उघडली तरी काही वाटत नाही. अगदी सौम्य. स्वयंपाकघरातच देते.

मी रागाने काय काय लिहून बसले तुम्हाला!

विहीणबाई, तुम्हाला वास येत नाही. हो ना?

कधीपासून?

मुलाची आई

१३ एप्रिल

विहीणबाई,

नऊ आठवडे झाले.

सर्दी गेली आणि जाताना घेऊन गेली. आधी वाटलं, नाक अजून चोंदलंय. मग श्वास मोकळा झाला, आणि तरी काही नाही. चहा म्हणजे गरम पाणी. लेक जाताना तिची शाल मी न धुता कपाटात ठेवली होती. रोज सकाळी दार उघडून त्यात तोंड खुपसते. नुसती लोकर आहे. टोचते.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. तुम्ही पहिल्या.

कारखान्यात मी पट्टी नाकाखाली धरते, डोळे मिटते, पाच मोजते आणि मान हलवते. इतकी वर्षं लोकांनी हेच बघितलंय, त्यामुळे कुणाला काही वेगळं दिसलं नाही. साबणाची मूळ वडी सुगंध घालायच्या आधी आणि नंतर अशी दोनदा तपासायची असते. तो लॉट आला तेव्हा चष्मेवाली म्हणाली, "ताई, हा मला जरा खवट वाटतोय." मी काय म्हणाले माहीत आहे? "तुझं नाक अजून कच्चं आहे. माझ्यासमोर शंका काढायच्या आधी दहा वर्षं काम कर." चार माणसांसमोर. तिने चष्मा काढून पुसला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी सही केली.

पण मला धाकधूक होतीच. म्हणून ते तीन साबण घरी आणले. घरी, शांततेत, कदाचित येईल वास, असं वाटलं. वेडी आशा. मास्तरांनी माझ्याऐवजी काम केलं.

तो लॉट गोदामात आहे. एकवीस तारखेला गाड्या भरतील.

मी सांगितलं तर माझ्या हातात काय राहतं? मला स्वयंपाक बेताचा येतो, गाणं येत नाही, चारचौघांत बोलता येत नाही. माझ्याकडे एक नाक होतं. आणि लेकीला कळलं की ती सगळं सोडून परत येईल. तिला तिकडे जायला सहा वर्षं वाट बघावी लागली.

आणि खिडकी. ती मीच उघडली. वासामुळेच उघडली. दुसरं कारण सांगता आलं असतं, पण तुमच्याशी आता खोटं बोलवत नाही. मला माफ करा.

मुलीची आई

१६ एप्रिल

विहीणबाई,

हे पत्र मी पाकिटाबरोबर नाही, वेगळं टाकतेय, लवकर पोचावं म्हणून.

उद्या जा आणि सांगा. परवा नको. एकवीस तारखेची वाट बघू नका.

साबण कुजका निघाला तर लोक दुसरा घेतील, कंपनी बुडणार नाही. मला त्या चष्मेवालीचं वाटतं. तिला खरं कळलं होतं आणि तुम्ही तिला सांगितलंत की कळलं नाही. आता ती स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवायचं सोडून देईल. तुम्हाला आत्ता जे झालंय ना, तेच तुम्ही चांगल्या नाकाच्या बाईला केलंत. हे कडक लिहितेय, पण लिहिणारी तुमचीच आहे.

माझ्याकडे एकदा नळ्यांची पूर्ण खेप आतून ओली राहिली होती. मला बोटाला कळलं होतं, तरी पाठवली. शिंपीकाकांची कुत्री आठवडाभर उठली नाही. मी त्यांच्या दारात जाऊन सांगितलं की मला माहीत होतं. काकांनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही. दोन महिन्यांनी स्वतःच आले. नेहमीचं पुडकं घेऊन गेले. त्या दोन महिन्यांत मी मेले नाही. तुम्हीही मरणार नाही.

तुमच्याकडे एक नाक होतं म्हणता. मला तुमच्या नाकाची पत्रं येत नव्हती.

मुलांना मी काही कळवणार नाही. ते तुम्ही तुमच्या शब्दांत कळवा.

मुलाची आई

२८ एप्रिल

विहीणबाई,

सांगितलं. तुमचं पत्र अठराला मिळालं, त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी.

साहेबांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "सर, बाराव्या लॉटचा माल थांबवा. खवट आहे." ते म्हणाले, "तुम्हीच पास केलाय." मी म्हटलं, "मला वास येत नाही. फेब्रुवारीपासून." ते बराच वेळ पेनाचं टोपण लावत आणि काढत राहिले. "आणि सह्या?" "माझ्याच." "बाई, मी तुम्हाला बघून दुसऱ्यांना शिकवतो हो," म्हणाले. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

मग मी चष्मेवालीकडे गेले. ज्या चार जणांसमोर तिला बोलले होते ते चौघे तिथे होते, म्हणून बरं झालं. म्हटलं, "तुझं नाक बरोबर होतं. कच्चं नव्हतं. माझं गेलंय." ती आधी हसली, तिला थट्टा वाटली. मग एकदम डोळे भरून आले तिचे. म्हणाली, "ताई, त्या दिवशी घरी जाऊन मी नवऱ्याचे मोजे हुंगले. मला वाटलं माझंच काहीतरी बिघडलंय." मी विचारलं, "मग?" "मग काय, चक्कर आली." आम्ही दोघी तिथेच उभ्या राहून हसलो आणि रडलो, काय ते एकदमच झालं.

फेब्रुवारीपासूनचे सगळे लॉट तिने पुन्हा तपासले. बाकीचे ठीक निघाले. बारावा वितळवला.

माझी जागा तिला दिली. मला खाली नोंदींच्या खोलीत बसवलंय, आणि नव्या येणाऱ्यांना मी शिकवायचं, असं साहेब म्हणाले, पण ते अजून राग गिळतायत. शुक्रवारी वर गेले होते तर तिने माझं स्टूल खाली करून घेतलं होतं. तिची उंची कमी आहे. तेवढंच जरा लागलं मला. बाकी काही नाही.

लेकीला चार ओळी पाठवल्या. उत्तर आलं: "आई, परत येऊ का?" मी लिहिलं, "आलीस तर मास्तर चावतील."

नाकाच्या डॉक्टरांकडे गेले. सर्दीने असं होतं म्हणाले. रोज दोनदा चार उग्र वासांच्या वस्तू नाकाशी धरायच्या आणि त्या वासाची आठवण काढायची. सहा महिन्यांत येईल, वर्षभरात येईल, थोडा येईल, वाकडातिकडा येईल, किंवा येणार नाही. मी विचारलं, "उग्र म्हणजे किती उग्र?" ते म्हणाले, "जेवढा मिळेल तेवढा." मी म्हटलं, "त्याची सोय आहे."

आता सकाळ-संध्याकाळ मी बरणीत नाक घालते आणि मास्तर समोर बसून बघतात. माझी पाळी संपली की त्यांची.

मुलीची आई

१२ मे

विहीणबाई,

तुम्ही सांगितलंत, हे वाचून मी जाळ्या तशाच सोडल्या आणि शिंपीकाकांच्या दुकानापर्यंत चालत गेले. त्यांना काही सांगितलं नाही. आनंद झाला की मला चालावं लागतं.

आता माझं ऐका. हे लिहायला मला चार दिवस लागले.

तुमचं नाक गेलं हे कळलं तेव्हा आधी मला फार वाईट वाटलं. आणि लगेच मागून काय वाटलं सांगू? वाटलं, आता या बाईला घरी बोलावता येईल. माझ्या शेजारी बसवता येईल. इतकी वर्षं मी लग्नात शेवटच्या खुर्चीवर बसते. बसमध्ये माझ्या शेजारची बाई आधी पिशवी मांडीवर घेते, मग उठते. शाळेत मुलाला "वजडीवालीचा" म्हणायचे. त्याने मला कधी सांगितलं नाही, त्याच्या मित्राने सांगितलं. काम मी सोडलं नाही, कारण ते मला आवडतं. कुत्री मला बघून वेडी होतात. माणसांचं जमलं नाही.

मग तुम्ही लिहिलंत, वास परत येईल. तुमचं काम गेलं, लेकीच्या शालीतली लेक गेली, आणि इथे मी बसून म्हणतेय, इतक्यात नको. एकदा येऊन जाऊ दे, मग येऊ दे. इतकं वाईट कुणी असतं का?

हे न सांगता तुम्हाला बोलावलं असतं तर तुम्ही आलाही असतात. पण तुम्ही साहेबांपुढे उभ्या राहिलात आणि मी लपवून बसावं, हे बरं नाही.

तर बोलावते. आठ दिवस या. वास नसला तर या. आला असला तरी या, असं लिहायला मन धजत नाही, पण लिहिते. आला असला तरी या.

मुलाची आई

२० मे

विहीणबाई,

शनिवारी सकाळच्या गाडीने निघते. मास्तर बरोबर आहेत. त्यांच्यासाठी वेगळं तिकीट काढावं लागलं. त्यावर "प्रवासी: एक, कुत्रा: एक" असं लिहिलंय. दुपारी दोनपर्यंत पोचू. घ्यायला येऊ नका, मास्तर नाकाने घर शोधतील. गल्लीच्या तोंडापासून मी नुसती दोरी धरून मागे चालणार आहे.

तुम्ही वाईट नाही. मी पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला एवढंच वाटलं, की माझी इतकी वाट आजवर कुणी बघितली नव्हती.

परवा डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी माझे डोळे बांधले आणि एकेक करून चार बाटल्या नाकाखाली धरल्या. मला जे सांगायचं होतं ते मी सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहिलं, खाली सही केली. तो कागद माझ्याकडे आहे. त्यात काय लिहिलंय ते मी तुम्हाला सांगणार नाही. आज नाही, तिथे आल्यावर नाही, पुढेही कधी नाही. लेकीला सांगितलंय, आणि तिलाही बजावलंय की सासूबाईंना सांगायचं नाही. चष्मेवालीला सांगितलंय. तुम्हाला नाही.

तुम्ही माझ्या चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न कराल. खुशाल करा. चांगल्या आणि वाईट वासाला एकच चेहरा ठेवायचा, हे आमच्या कामात पहिल्या दिवशी शिकवतात.

मला कामाला लावा. जाळ्या पसरायला शिकवा. मात्र दोनदा अंघोळ करून बसू नका, आणि नवी साडी काढू नका.

आणि हो, माझ्यासाठी वेगळी खोली आवरत बसू नका. मी तुमच्याच खोलीत झोपेन.

तुमची विहीण